मूठ सैल होते, कारण खण अडतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्राच्या तोंडावर घरे आवरायला काढली की महाल, इतवारी, धंतोली अशा जुन्या वस्त्यांतून सागवानी टेबले आणि खणांची कपाटे हातगाडीवरून भंगारात जाताना दिसतात. त्यांतल्या बहुतेकांचे लाकूड ठणठणीत असते. एका खणाची कडी निघालेली, दुसऱ्याची मूठ हरवलेली, तिसरा ओढला की वाकडा येतो आणि कुलूप फिरत नाही, एवढेच. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून सागवान गेले, तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला. आपल्याच घरातला जुना साग मात्र चार स्क्रू आणि एका पट्टीपायी भंगाराच्या भावाने जातो, याचे फार वाईट वाटते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र. स्वतः दुरुस्ती करणाऱ्यांना त्याचा उपयोग होईलच, पण सुताराला बोलावणाऱ्यांनाही काय सांगायचे आणि काय करू द्यायचे नाही, हे कळावे.

मूठ सैल झाली की आपले लक्ष मुठीकडेच जाते. जाड स्क्रू, काडेपेटीची काडी, पुटी, असे एकेक करून पाहिले जाते आणि सहा महिन्यांत मूठ पुन्हा हातात येते. ती येणारच, कारण दुखणे मुठीत नसते. खण सहज सरकत नाही म्हणून ओढणारा कडी वर उचलून हिसका देतो आणि तो हिसका कडी धरणाऱ्या, फळीतून आरपार जाऊन आतून नटाने आवळलेल्या दोन बारीक पितळी खुंटांवर येतो. कडी काढून फळीतले भोक पाहा. ते गोल असेल आणि फक्त नट ढिला असेल, तर दोष कडीचा. ते उभे लांबट झाले असेल, तर दोष खणाचा. अशा वेळी कडीला हात लावण्याआधी खण चालता करावा. रिकामा खण कडीत एक बोट घालून ओढला की बाहेर आला पाहिजे, ही साधी परीक्षा.

जुन्या खणांना लोखंडी चॅनल नसते. खणाच्या बाजूच्या फळ्या कपाटातल्या दोन लाकडी पट्ट्यांवर घासत सरकतात. सुतार या पट्ट्यांना रनर म्हणतात. बाजूची फळी 10-12 मिलिमीटर जाडीची, म्हणजे सगळा भार दोन अरुंद कडांवर. वर्षानुवर्षांच्या घासण्याने रनर पुढच्या भागात खोलगट होतो आणि खणाची बाजू मागच्या भागात झिजते. मग खणाचे तोंड खाली झुकते, पुढच्या फळीची खालची कड चौकटीवर घासू लागते. पोलादी पट्टी बाजूच्या खालच्या कडेला लावून उजेडाकडे धरा. जिथून उजेड दिसतो तिथे लाकूड गेलेले आहे. मिलिमीटरभर झीज असेल तर मेणाने काम भागते. तीन-चार मिलिमीटर झीज असेल तर पट्टी जोडण्याला पर्याय नाही.

ती अशी जोडावी. झिजलेली कड रंध्याने, किंवा खाच खोल असेल तर करवतीने, सरळ करून घ्यावी. जेवढे लाकूड गेले त्यापेक्षा दोन मिलिमीटर जाड अशी सागाची पट्टी घ्यावी, रेषा लांबीच्या दिशेने. लकडगंजच्या आरामशीनवर अशा कापलेल्या चिपा सहज मिळतात; जुन्या मोडक्या चौकटीचा साग मिळाला तर अधिक चांगला, कारण तो पुरता वाळलेला असतो. फेव्हिकॉल दोन्ही बाजूंना पातळ लावून शिकंजे दर सहा इंचांवर कसावेत आणि 24 तास हात लावू नये. खिळे मारू नयेत. पट्टी झिजत गेली की खिळ्याचे डोके वर येते आणि समोरचा रनर कापत सुटते. दुसऱ्या दिवशी रंध्याने पट्टी उतरवत आणावी आणि दोन्ही बाजूंची उंची पुढे-मागे सारखी आहे ना हे मोजावे. जुना सांधा सरसाचा असेल तर आधी गरम पाण्याच्या फडक्याने सरस पुसून लाकूड उघडे करावे, कारण सरसावर फेव्हिकॉल धरत नाही.

रनर बदलताना पुष्कळदा नवे लाकूडही लागत नाही. तो स्क्रूने बसवलेला असेल तर काढून उलटा करावा, खालची न झिजलेली बाजू वर येते. उलटत नसेल तर नवा करावा, पण बसवताना एक चूक टाळावी. कपाटाच्या बाजूच्या फळीच्या रेषा उभ्या असतात, रनरच्या आडव्या. रनर पूर्ण लांबीत फेव्हिकॉलने चिकटवला तर उन्हाळ्यात बाजूची फळी आकसते, रनर आकसत नाही आणि फळी मधोमध चिरते. पुढच्या टोकाला एक स्क्रू पक्का, मागच्या टोकाला लांबट भोकातून एक स्क्रू, आणि गोंद फक्त पुढच्या दोन इंचांत. फळीला हलायला जागा राहते.

आता नागपूरच्या हवेबद्दल. इथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडीठाक असते. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच घरात भिंतींना ओल येते. साग कमी हलणारे लाकूड आहे, तरीही सहा इंच उंचीची खणाची फळी या दोन टोकांमध्ये दीड-दोन मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते. म्हणून ऑगस्टमध्ये अडलेला खण लगेच रंधून घेऊ नये. तेव्हा मोकळा होईपर्यंत रंधला तर एप्रिलमध्ये वर फट दिसते आणि खण डुगडुगतो. पावसाळ्यात फक्त घासून चकाकलेले ठिपके 120 नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवावेत, मेण लावावे आणि रंध्याचा निर्णय दिवाळीनंतर घ्यावा. नवी पट्टी उन्हाळ्यात बसवत असाल तर वर किमान दोन मिलिमीटर मोकळे ठेवावेत, पावसाळा ते भरून काढतो.

यात कूलरची वेगळी गोष्ट आहे. खसच्या कूलरचा झोत सरळ कपाटावर येत असेल तर भर मे महिन्यात त्याच एका बाजूचे लाकूड फुगते, खण तिरका अडतो आणि पितळेवर हिरवट डाग येतात. हे कपाट दुरुस्त करून उपयोग नाही. ते झोतातून दोन हात बाजूला सरकवावे, पंधरा दिवस थांबावे आणि मग पाहावे. अनेकदा काहीच करावे लागत नाही.

मेण म्हणजे साधी पांढरी मेणबत्ती. खणाच्या खालच्या कडा आणि रनर दोन्हींवर घासावी. तेल कधीही नको. खोबरेल तेलात नागपूरची धूळ बसते, त्याचा काळा चिकटा होतो आणि पुढे त्या लाकडाला गोंद धरत नाही. साबणही नको, तो दमट हवेत पाणी ओढतो.

खण चालू लागला की मग कडी. आधी ती कशाची आहे हे ओळखावे. लोहचुंबक चिकटला तर लोखंडावर मुलामा. चिकटला नाही तरी पितळच असेल असे नाही. मागची न दिसणारी बाजू कानसेने किंचित खरवडावी. पिवळे निघाले तर पितळ, राखाडी निघाले तर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतकाम. ओतीव जस्त वाकवायला गेले तर मोडते आणि त्याला नीट डागही (धातू वितळवून केलेला जोड) देता येत नाही. पितळ असेल तर मात्र जवळजवळ काहीही दुरुस्त होते.

सर्वांत जास्त नुकसान नटामुळे होते, म्हणून त्यावर जरा सविस्तर. जुन्या कड्यांच्या खुंटांवरचे आटे पुष्कळदा इंचाच्या मापाचे असतात, बहुधा 5/32 इंच व्हिटवर्थ, म्हणजे आट्यांचे जुने ब्रिटिश माप. त्याची जाडी 3.97 मिलिमीटर, आणि आज दुकानात मिळणारा एम-4 म्हणजे 4 मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना दोन्ही एकच. पण व्हिटवर्थच्या दोन आट्यांमधले अंतर 0.79 मिलिमीटर असते आणि एम-4 चे 0.7. एम-4 चा नट जुन्या खुंटावर दोन-तीन फेरे छान जातो, मग अडतो. इथे पक्कड लावून जोर दिला की पोलादी नट पितळेचे आटे साफ खरवडून काढतो आणि शंभर वर्षे टिकलेला खुंट एका मिनिटात निकामी होतो. नट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. नाही गेला तर तो त्या खुंटाचा नाही.

जुना नट हरवला असेल तर 5/32 व्हिटवर्थचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) आणून तीन मिलिमीटर जाडीच्या पितळी पट्टीत 3.2 मिलिमीटरचे भोक पाडून नवा नट करता येतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा फिरवावा, म्हणजे चुरा अडकून तो मोडत नाही. खुंटाचेच आटे गेले असतील आणि खुंटाची मूळ जाडी सात-आठ मिलिमीटर असेल, तर आटे असलेला भाग कापून, खुंटाच्या मधोमध 3.3 मिलिमीटरचे भोक दहा मिलिमीटर खोल पाडावे, त्यात एम-4 चे आटे पाडावेत आणि एम-4 ची पितळी दांडी बसवावी. पुढून काहीच दिसत नाही. भोक बरोबर मध्यावर येण्यासाठी हे काम लेथवर करून घेतलेले बरे.

लटकत्या कडीची टोके खुंटातून सुटत असतील तर कडी पक्कडने दाबून जवळ आणण्याचा मोह होतो. जुने पितळ न तापवता वाकवले की तडकते, कारण वापराने आणि ठोकण्याने ते कडक झालेले असते. कडी काढून मधला भाग मंद लाल होईपर्यंत तापवावा म्हणजे पितळ पुन्हा मऊ होते, तो गार होऊ द्यावा, आणि मग फडक्यात धरून हळूहळू दाबावे. टोकेच झिजून बारीक झाली असतील तर पितळेचा डाग देऊन भर घालून कानसेने गोल करून घ्यावी. भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवण्याची जुनी परंपरा आहे. भांड्यांना डाग देणारा कारागीर हे काम कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानापेक्षा चांगले करतो.

फळीतल्या लांबट झालेल्या भोकाला नुसता मोठा वॉशर लावून भागत नाही, कारण कडी खाली घसरतेच. 8 किंवा 10 मिलिमीटरचे स्वच्छ गोल भोक पाडावे, पुढून, आणि मागे लाकडाचा तुकडा दाबून धरून, म्हणजे पलीकडची कड फुटत नाही. त्यात सागाची गोल खुंटी फेव्हिकॉल लावून ठोकावी, 24 तासांनी दोन्ही बाजू पटाशीने समतल कराव्यात आणि मग 4.5 मिलिमीटरचे भोक पाडावे. दोन भोकांमधले अंतर कडीवरून जाड कागदावर उतरवून घ्यावे आणि त्या कागदावरून खुणा कराव्यात. टेपने मोजून केलेल्या खुणा अर्धा मिलिमीटर तरी चुकतात आणि तेवढ्याने खुंट तिरका बसतो.

लाकडी मुठीचा किंवा पट्टीचा स्क्रू जिथे लाकडातच धरतो, तिथे गोष्ट निराळी. काडेपेटीची काडी हा तात्पुरता उपाय आहे; ते लाकूड मऊ असते. बांबूच्या दोन-तीन काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकल्या तर त्या बऱ्याच टिकतात. लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल यांचा लगदा मात्र भरू नये. त्यात लाकडाचे तंतूच नसतात, स्क्रूचे आटे त्याचा चुरा करतात. एपॉक्सीची पुटी आजूबाजूच्या लाकडापेक्षा कडक होते आणि पुढच्या वेळी ड्रिल तिच्यावरून घसरून शेजारच्या चांगल्या लाकडात शिरते. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे त्याच जातीच्या लाकडाची डाट, जिच्या रेषा फळीच्या रेषांना समांतर असतील. गोल काठीचा तुकडा ठोकला तर स्क्रू तिच्या टोकाच्या लाकडात जातो आणि तिथे आटे कमी धरतात.

6 नंबरच्या स्क्रूला सागात 2.5 मिलिमीटरचे भोक आधी पाडावे. पितळी स्क्रू सरळ बसवू नये, त्याचे डोके तुटते. त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा पूर्ण बसवून काढावा, मग पितळी स्क्रूला मेण लावून तो हाताने बसवावा. बॅटरीवरच्या ड्रिलने नव्हे.

जुना स्क्रू निघत नसेल तर आधी डोक्यावरची चीर हॅक्सॉ ब्लेडने साफ करावी आणि चिरेच्या पूर्ण रुंदीचा पेचकस घ्यावा. अरुंद पेचकसाने चिरेच्या कडा उडतात. तरीही हलला नाही तर डाग द्यायची तापलेली इस्त्री डोक्यावर मिनिट-दोन मिनिटे टेकवावी, गार होऊ द्यावा आणि आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने फिरवून मग सोडवावा. बहुतेक स्क्रू यात सुटतात.

नट किती आवळावा? बोटांनी टेकला की त्यानंतर पाव फेरा, बस. जास्त आवळला तर वॉशर लाकडात रुततो. उन्हाळ्यात फळीची जाडी एक-दोन दशांश मिलिमीटरने कमी होते आणि नेमका तेवढाच, पाव फेऱ्याइतका, ढिलेपणा येतो. म्हणून वॉशरवर एक स्प्रिंग वॉशर घालावा आणि मे महिन्यात एकदा सगळ्या कड्या आतून तपासाव्यात. नटावर नखांना लावायच्या रंगाचा (नेलपॉलिशचा) एक थेंब सोडला तर तो आपोआप फिरत नाही आणि हवा तेव्हा सुटतो.

पितळ उजळवण्याबद्दल. कडी खणावरच ठेवून घासू नये, पॉलिशचा पांढरा थर लाकडाच्या रेषांत बसतो आणि निघत नाही. चिंचेने घासावे, पण दोन-तीन मिनिटांत धुऊन कोरडे करावे. चिंचेत तासभर बुडवून ठेवलेल्या पितळातले जस्त पृष्ठभागावरून निघून जाते, तांबे मागे राहते आणि गुलाबी डाग पडतात, जे घासून जात नाहीत. काही तयार पॉलिशांत अमोनिया असतो. ताण असलेल्या पितळाला अमोनिया चिरा पाडतो. हिंदुस्थानातल्या पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना चिरा पडत, त्यामागे घोड्यांच्या मुतातला अमोनिया आहे, हे कोडे 1921 मध्ये सुटले. कडीची वाकलेली टोके हीच ताणाची जागा, तेव्हा असे पॉलिश लावलेच तर लगेच धुऊन काढावे. आमच्या मते कडीमागच्या पितळी पट्टीच्या खाचांतला काळेपणा तसाच राहू द्यावा. नक्षी त्यामुळेच उठून दिसते.

कुलपात तेल घालू नये. मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला लावून ती दहा-वीस वेळा फिरवावी. कुलूप बदलायचेच असेल तर खणाच्या वरच्या कडेपासून किल्लीच्या खिळीपर्यंतचे अंतर मोजून न्यावे. ते चुकले की किल्लीचे भोक नव्याने पाडावे लागते आणि जुने उघडे पडते.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. खण अडतो म्हटले की हल्ली टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, बसवून घेण्याचा सल्ला मिळतो. नव्या प्लायच्या कपाटाला ते उत्तम आहे. पण त्याला प्रत्येक बाजूला साधारण 12.7 मिलिमीटर जागा लागते आणि जुन्या खणाच्या बाजूला जेमतेम एक-दीड मिलिमीटर असते. म्हणजे चॅनल बसवायचे तर खण जवळजवळ एक इंचाने अरुंद करावा लागतो, कोपऱ्यांतले डोव्हटेल (दाते एकमेकांत अडकवलेले) सांधे कापले जातात आणि तो खण पुन्हा पहिल्यासारखा करता येत नाही. जे काम दोन पट्ट्यांनी होते, त्यासाठी हे करू देऊ नका.

नव्या कड्यांच्या भोकांमधले अंतर 64, 96 किंवा 128 मिलिमीटर असते, जुन्यांचे पुष्कळदा तीन इंच, म्हणजे 76 मिलिमीटर. त्यामुळे एक कडी हरवली की पाचही खणांना नवी भोके पाडली जातात. इतवारीतल्या हार्डवेअर व्यापाऱ्यांना विनंती आहे की तीन इंची पितळी कड्या, एका चिरेचे पितळी स्क्रू आणि 5/32 चे नट थोडे तरी ठेवावेत. आणि ज्यांना कपाट द्यायचेच आहे त्यांनी देण्याआधी कड्या, नट, कुलपे आणि किल्ल्या काढून एका डब्यात ठेवाव्यात. दुसऱ्या कुणाच्या तरी खणाला नेमकी तीच कडी हवी असते. कडी शोधायला जाताना भोकांमधले अंतर, खुंटाची जाडी आणि फळीची जाडी ही तीन मापे मिलिमीटरमध्ये लिहून न्यावीत आणि शक्य असेल तर जुना नट खिशात घालून न्यावा.

आपले नम्र,
जुन्या लाकूडकामाची दुरुस्ती करणारे दोन वाचक,
महाल, नागपूर